इंदूर ते नाशिक, लग्नाची बस आणि एकच डिक्की : सामान कसं बसवायचं?

लोकमान्यनगरी
मंडळी नमस्कार. भाचीचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेचचा मुहूर्त, आणि लग्न नाशिकला. मुलाकडे घरात फार वयस्कर माणसं आहेत म्हणून आपण मुलीकडच्यांनीच इंदुराहून जायचं असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. मी मामा, त्यामुळे बस आणि सामान हे खातं माझ्याकडे आलंय आणि मला ते अगदी नीट करायचंय.

बस एकच, टू बाय टू, ४५ सीटर, एसी. माणसं ४०-४१ होतील. सामान म्हणाल तर प्रत्येक घराच्या बॅगा, मानपानाच्या साड्या, आहेराची भांडी, मुलाकडच्यांना द्यायला सेव-मिक्चरचे दोन मोठे पत्र्याचे डबे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे रुखवत. ताई वर्षभर ते करतीये. साखरेची फळं, रंगवलेले नारळ, सप्तपदीच्या सुपाऱ्या, शिवाय लाडू-चकल्या-अनारशांचे डबे. त्यातलं काही तुटलं तर मला तिच्यासमोर उभं राहवणार नाही. बसवाल्याला डिक्कीचं विचारलं की त्याचं एकच उत्तर, "भिया, टेन्शन मत लो, सब आ जाएगा". कसं येईल ते सांगत नाही.

चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, मधे भेरूघाट आणि बिजासन घाट. कुणी असा मोठा ग्रुप नेला असेल तर सविस्तर लिहा.

पोहेजलेबी
सब आ जाएगा हे खरंच असतं काका. सामान सगळं येतं, मग माणसं कुठे बसवायची ते आपण बघायचं. हाहा. लग्नाच्या शुभेच्छा!

चाकावरचा
मी ट्रान्सपोर्टच्याच धंद्यात आहे म्हणून लिहितो. पहिला प्रश्न बसवाल्याला हा विचारा की इंजिन पुढे आहे का मागे. सगळं त्यावर आहे. इंजिन पुढे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला मोठं गरम झाकण असतं ती गाडी, तिची मोठी डिक्की पाठीमागे असते आणि बाजूला छोटे कप्पे. इंजिन मागे असेल तर डिक्की पोटात, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे, आणि बहुतेक वेळा आरपार, दोन्ही बाजूंनी झाकणं उघडतात. दुसऱ्या प्रकारात जागा जास्त आणि हादरा कमी.

आता "४५ सीटर" म्हणलं की सगळ्या बसची डिक्की सारखीच असं लोक धरून चालतात, तसं अजिबात नसतं. काही जुन्या एसी गाड्यांत एसीचं वेगळं इंजिन डिक्कीतच बसवलेलं असतं, ते चांगलीच जागा खातं. टपावर एसी असेल तर तो प्रश्न नाही. मग स्टेपनी, टूलबॉक्स, जॅक, ड्रायव्हर-क्लीनरचं अंथरूण, पाण्याचा कॅन, हे सगळं कुठे जातं? डिक्कीतच. म्हणून फोटोवर जाऊ नका. गाडी उभी असेल तिथे जा, झाकण उघडायला लावा आणि टेप घेऊन मोजा. आणि जी गाडी मोजली तीच येणार हे नंबरासकट लिहून घ्या, कारण सीझनमध्ये ऐनवेळी दुसरी गाडी पाठवतात.

नर्मदेहर
एवढा विचार कशाला, सरळ एक छोटा हाथी करा, सगळं सामान त्यात घाला, बसमध्ये माणसं आरामात. आमच्या मोहल्ल्यातले असंच करतात.

सुदामानगरकर
@नर्मदेहर, शहरातल्या शहरात ठीक आहे हो, राजेंद्रनगरहून राजवाड्यापर्यंत. नाशिकपर्यंत छोटा हाथी घाट चढत जाणार, बस दोन तास पुढे, त्याच्याबरोबर बसायला घरातलं एक माणूस द्या, दुसऱ्या राज्यात जायचं म्हणून त्या गाडीची कागदपत्रं बघा, आणि नवरीचे दागिने-साड्या वेगळ्या गाडीत आहेत म्हणून बायकांचा जीव टांगणीला. सामान आपल्याबरोबरच हवं.

नर्मदेहर
दागिने कोण टेम्पोत घालतं? दागिने अंगावर नाहीतर मांडीवर. बाकी कागदपत्रांचं म्हणताय ते बरोबर आहे, ते लक्षात घ्यायला हवं.

गणितीकाकू
मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही म्हणून. २४ इंची चाकांची बॅग साधारण ६५ × ४५ × २८ सेंटीमीटर धरा, म्हणजे ०.०८ घनमीटर. दोन माणसांत एक बॅग असा नियम केला तर ४१ माणसांच्या २०-२१ बॅगा, म्हणजे १.६ ते १.७ घनमीटर. पण डिक्कीत बॅगा काही विटांसारख्या बसत नाहीत, मधे फटी राहतात, म्हणून वर निम्मं धरा, अडीच घनमीटर झाले. प्रत्येकाने स्वतःची वेगळी बॅग आणली तर हेच दुप्पट, पाच. तेवढी जागा तुमच्या गाडीत असेल-नसेल, पण भांडी आणि डबे बाहेरच राहतील हे नक्की. तेव्हा "दोघांत एक" हा नियम आत्ताच, आमंत्रणाच्या फोनबरोबरच सांगून टाका. निघायच्या दिवशी सांगून उपयोग नाही.

आणि शक्यतो मऊ बॅगा सांगा. कडक कवचाच्या बॅगेला दाबून जागा करता येत नाही, मऊ बॅग फटीत शिरते.

पोहेजलेबी
काकू, दोघांत एक बॅग म्हणजे नवरा-बायकोंत भांडण लावायची सोय. नवऱ्याच्या वाट्याला बॅगेचा फक्त बाहेरचा कप्पा येतो.

गणितीकाकू
बाहेरच्या कप्प्यात दोन शर्ट आणि एक झब्बा आरामात मावतो, आमच्याकडे करून बघितलंय.

रुखवताची_मावशी
मी रुखवताबद्दल सांगते, बाकीचं तुम्ही बघा. सफरचंदाचे खोके आणा. चोइथराम मंडीत फळवाल्यांकडे रिकामे मिळतात. त्या खोक्यात जे पुठ्ठ्याचे खळगेवाले ट्रे असतात ना, ते टाकू नका, तेच तर हवेत. साखरेची फळं त्या खळग्यात एकेक बसवायची, वर दुसरा ट्रे उपडा, की झालं, एक फळ दुसऱ्याला लागत नाही. फक्त आधी प्रत्येक फळाला बटर पेपर गुंडाळा, कारण साखरेला ओल लागली की रंग सुटतो आणि पुठ्ठा चिकटतो. रंगवलेले नारळ त्या खळग्यात बसत नाहीत, ते जुन्या सुती साडीच्या घड्यांत, शेंडी वर करून. सुपाऱ्या मिठाईच्या डब्यात कापूस घालून. चकल्या आणि अनारसे पत्र्याच्या डब्यात गच्च भरायचे, डब्यात वरती मोकळी जागा राहिली की हलतात आणि चुरा होतो, तेवढ्या जागेत कागदाचा बोळा घाला. लाडूंचं काही नाही, लाडू टिकतात.

खोक्यावर नुसतं "रुखवत" लिहू नका, आत काय आहे ते लिहा आणि वरची बाजू कुठली त्याचा बाण काढा. खोकं उचलणारा क्लीनर असेल तर त्यालाही कळलं पाहिजे, म्हणून बाणच.

आणि ताईंना सांगा, वर्षभर केलंय ते सुखरूप पोचेल. फार आनंद वाटतो कुणी अजून एवढं रुखवत करतं हे ऐकून.

लोकमान्यनगरी
मावशी, हे वाचून दाखवलं ताईला, तिच्या डोळ्यात पाणी आलं. उद्याच मंडीत जातो. खोकी डिक्कीत ठेवायची का सगळ्यात मागच्या सीटवर? मागची पाच सीटची रांग तशी रिकामीच राहील.

चाकावरचा
मागच्या रांगेवर नको! मागची रांग मागच्या चाकांच्या पाठीमागे असते, स्पीडब्रेकरवर सगळ्यात जास्त तीच उडते. मधल्या सीट, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, तिथे हादरा सगळ्यात कमी. खिडकीकडच्या मधल्या दोन-तीन सीट रुखवताला द्या आणि शेजारी घरचं माणूस बसवा. मोकळ्या सीट चारच आहेत ना तुमच्याकडे? त्यातल्या तीन रुखवताच्या. मागच्या रांगेत तरणी पोरं बसतील, त्यांना उडायला आवडतं.

डिक्कीत भारी वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या. भांडी सगळी डावीकडे आणि कपडे सगळे उजवीकडे असं करू नका, घाटात गाडी एका अंगावर जाते ती ड्रायव्हरला जाणवते.

ग्वाल्हेरचा_बाळू
स्लीपर कोच का नाही घेत? रात्री झोपून जा, सकाळी नाशिक.

सुदामानगरकर
स्लीपरमध्ये माणसं कमी मावतात, ४१ माणसांना एक पुरणार नाही. आणि म्हाताऱ्या माणसांना वरच्या बर्थवर कोण चढवणार? शिवाय लग्नाच्या बसमध्ये गाणी-भेंड्या-गप्पा नाही झाल्या तर मजा काय, सगळे पडदे ओढून झोपलेत.

ग्वाल्हेरचा_बाळू
हे मात्र पटलं. भेंड्या हव्यातच.

मनमाडची_वाट
इंदूर-मनमाड रेल्वे झाली की हे सगळे प्रश्न मिटतील बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली ना, ३०९ किलोमीटरची नवी लाईन, धुळ्यावरून. माझे आजोबा तिची वाट बघत गेले. पारोळ्याला आमचे सगळे नातेवाईक, आणि इंदुराहून तिकडे सरळ गाडी नाही म्हणून किती लग्नं-कार्यं चुकली आमची.

खलघाटची_माई
अहो आमचंही तेच, माहेर धुळ्याचं. पण बसने जाण्यात एक सुख आहे, खलघाटला नर्मदा ओलांडताना सगळी बस "नर्मदे हर" म्हणते. काका, पुलाच्या आधी पाच मिनिटं थांबा, मुलीला नर्मदेचं दर्शन घेऊ द्या, सासरी चाललीये ती. आणि त्यासाठी ओटीचं सामान डिक्कीत टाकू नका, हाताशी ठेवा, नाहीतर खण-नारळासाठी सगळी डिक्की उपसावी लागेल.

बडोदेकर_वहिनी
माई बरोबर बोलल्या, खरी मेख तीच आहे. कुठली वस्तू कधी लागणार हे आधी ठरवायचं आणि मग भरायचं. आम्ही बडोद्याहून दरवर्षी मोठा ग्रुप घेऊन देवदर्शनाला निघतो, त्यातून जे पक्कं झालंय ते सांगते.

सामानाचे तीन ढीग करायचे. एक, जे नाशिकला पोचेपर्यंत लागणारच नाही, मोठ्या बॅगा, भांडी, आहेर, ते आधी आत. दोन, जे पोचल्याबरोबर लागणार, म्हणजे नवरीची बॅग, पूजेचं सामान, आजी-आजोबांच्या बॅगा, व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर तो, हे सगळ्यात शेवटी चढवायचं म्हणजे सगळ्यात आधी निघेल. तीन, जे डिक्कीत जाणारच नाही. औषधं, चष्मा, आधार कार्डं, दागिने, पैसे, नवरीचा शालू, मुंडावळ्या, अंतरपाट, अन्नपूर्णेची मूर्ती, मोबाइलचे चार्जर आणि पॉवरबँक. शालू आणि मूर्ती एका पेटीत आणि ती पेटी एकाच बाईच्या ताब्यात, दोघींच्या नाही. दोघींच्या ताब्यात दिली की दोघींना वाटतं दुसरीकडे आहे.

इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर विशेष लक्ष द्या. डिक्की इंजिनाजवळ किंवा सायलेन्सरजवळ असली की आतलं चांगलंच तापतं, इन्सुलिन खराब होतं. ते एसीत, माणसाजवळच.

ओळखायला रंगीत रिबिनी बांधा, घरागणिक एक रंग.

पोहेजलेबी
रिबिनीचं वहिनी असं होतं की सगळे लालच बांधतात, शुभ म्हणून. मग वीस लाल रिबिनींच्या काळ्या बॅगा.

बडोदेकर_वहिनी
म्हणून रिबिनी आपण विकत आणायच्या आणि आपणच वाटायच्या! प्रत्येकाला "तुमची तुम्ही आणा" म्हणायचंच नाही. आणि रिबिनीबरोबर कापडी पट्टीवर जाड स्केच पेनने आकडा. १ ते २१. वहीत लिहायचं, ७ नंबर म्हणजे अमक्यांची. चढवताना वाचायचं, उतरवताना वाचायचं.

घाटमाथा
जागा कमी पडलीच तर टपावर कॅरियर असतो की. वरून ताडपत्री बांधायची. आमच्या लहानपणी सगळी वऱ्हाडं अशीच जायची, वर बॅगा, बिछाने, कधी कधी माणसंसुद्धा.

चाकावरचा
दादा, तो काळ वेगळा आणि गाड्या वेगळ्या. एसी गाडीच्या टपावर एसीचं युनिट असतं, कॅरियर कुठे लावणार? आणि वर वजन गेलं की घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुलते. वर कार्यालयाच्या गल्लीत विजेच्या तारा, मांडवाच्या कमानी. टपाचा विचार मनातून काढून टाका.

तसंच मधल्या वाटेचं. जागा संपली की सगळे बॅगा दोन सीटच्या मधल्या वाटेत ठेवतात आणि आपत्कालीन दरवाजाच्या पुढ्यात डबे रचतात. हे होऊ देऊ नका, कुणी कितीही जवळचा असो, उचलायला लावा. अडचणीच्या वेळी ४१ माणसांना त्याच वाटेने बाहेर पडायचं असतं, त्यात म्हातारी आणि लहान मुलं. निघायच्या आधी आपत्कालीन दरवाजा उघडतो का तेही स्वतः उघडून बघा. गाडी ठरवताना लोक सीटचं कापड बघतात, हे बघत नाहीत, म्हणून तळमळीने सांगतोय.

राऊकर
चहासाठी छोटा सिलिंडर आणि शेगडी घेतली तर चालेल ना? आमचे एक मामा नेहमी नेतात, सेंधव्याला गाडी थांबवून मस्त चहा, बाहेरच्या चहापेक्षा स्वस्त.

चाकावरचा
नाही चालणार. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनजवळ यात्रेकरूंच्या रेल्वे डब्याला आग लागली, ती आत लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरने. ९ जण गेले. यात्रेला निघालेली साधी माणसं होती. बसमध्ये तर डिक्कीच्या बरोबर वर माणसं बसलेली असतात. सिलिंडर नाही, रॉकेल नाही, आणि लग्नाचे फटाकेसुद्धा नाही, फटाके नाशिकला मिळतात. मामांना सांगा, चहा थर्मासमध्ये.

अजून एक. काही बसवाले तुमची बस तिकडे चाललीच आहे म्हणून तुमच्याच डिक्कीत दुसऱ्या कुणाचं पार्सल घालतात. आधीच स्पष्ट सांगा की आमच्या सामानाशिवाय एक पुडकं चढणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंध्रात कर्नूलजवळ बस जळाली, तिच्या सामानात मोबाइलच्या मालाचं पार्सल होतं आणि त्या बॅटऱ्यांनी आग भडकली असं तपासात पुढे आलं. बंद खोक्यात काय आहे हे आपल्याला कसं कळणार?

राऊकर
पटलं. थर्मासच घेऊ. मामांना मी हा प्रतिसादच पाठवतो.

खलघाटची_माई
थर्मास आणि बरोबर तिखट पुऱ्या, दशम्या. धुळ्यापर्यंत कुणाला भूक लागणार नाही.

पोहेजलेबी
निघताना पोहे-जलेबी, मधे पुऱ्या, धुळ्याला शेवभाजी. मला या लग्नाला यायचंय काका, माझी बॅग अर्धीच आहे.

लोकमान्यनगरी
ये की रे, एक सीट अजून शिल्लक आहे!

बरं, आज गाडी बघून आलो. इंजिन मागे, डिक्की पोटात, आरपार. टेपने मोजली, रुंदी २.२ मीटर, लांबी २.६, उंची ८० सेंटीमीटर. म्हणजे साडेचार घनमीटर, पण एका टोकाला स्टेपनी आणि त्यांचं सामान, त्यातून चौथा हिस्सा गेला. काकूंच्या हिशोबाने बॅगांचे अडीच, राहिलेल्यात भांडी आणि नमकीनचे डबे बसतात. एका बाजूच्या झाकणाचं रबर फाटलेलं दिसलं, बसवाला म्हणाला बदलून देतो. मी म्हणलं बदललेलं बघितल्याशिवाय बाकीचे पैसे नाही. ड्रायव्हर माणूस फार चांगला निघाला, त्याने स्वतःहून कुठला कोपरा तापतो ते हात लावून दाखवलं.

गणितीकाकू
वा! रबर बदललं तरी साड्यांच्या बॅगा मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवा. धूळ फार बारीक असते, चेनमधून आत शिरते.

सुदामानगरकर
कार्यालयाशी बोललात का? बस दारापर्यंत जाते का लांब उभी करावी लागते? आमच्या ओळखीतल्या एका लग्नात गल्ली इतकी अरुंद की बस चौकातच थांबली आणि तिथून सगळं सामान हातगाडीवर. रुखवताची खोकी हातगाडीवर म्हणजे विचारायला नको. मुलाकडच्यांना आत्ताच विचारा, दोन गाड्या चौकात पाठवा म्हणावं, एक आजी-आजोबांना आणि एक रुखवताला.

लोकमान्यनगरी
हे लक्षातच आलं नव्हतं कुणाच्या. आत्ता फोन केला. गंगापूर रोडवरून आत गल्लीत कार्यालय आहे, बस साधारण दोनशे मीटर लांब उभी करावी लागणार. ते तीन गाड्या पाठवतायत.

बडोदेकर_वहिनी
उत्तम. आता परतीचा विचार करून ठेवा. रुखवत तिकडेच राहील, नवरीच्या बॅगा तिकडे राहतील, पण आहेर येईल, लोक नाशिकचा चिवडा घेतील, आणि रात्री थकलेले सगळे आपापलं कसंही कोंबतील. परतताना तीच वही, तेच आकडे. आणि मुलीच्या नंबरच्या बॅगा जाताना एका बाजूच्या झाकणापाशी एकत्र ठेवा, म्हणजे तिचं काही चुकून इंदुरात परत येणार नाही. डिक्कीजवळ एकच माणूस उभा राहील, तोच सांगेल काय आधी. हे काम नवरीच्या मामाला देऊ नका मात्र, मामाला तिला बोहल्यावर न्यायचं असतं. कुणा शांत स्वभावाच्या भाच्याला द्या.

लोकमान्यनगरी
दिलं, धाकट्या भाच्याला. तो कालपासून वही घेऊन सगळ्यांना फोन करतोय, "तुमच्या घरची बॅग किती इंची?" रिबिनी सात रंगांच्या आणल्या, खोकी मंडीतून चौदा मिळाली, ट्रेसकट. मावशी, नारळांच्या शेंड्यांना रंग लावलेला आहे, तो सुती साडीला लागणार नाही ना?

रुखवताची_मावशी
आधी शेंडीला बटर पेपरची टोपी घाला, वरून दोरा. मग साडी.